दोन कॉलम, पाच सेंमी येसर

सोम., १९ जाने.

सकाळपासून छत्तीस डोकी कापली. कात्री बोथट झाली, अंगठ्याला घट्टा पडला. दूध संघाच्या अध्यक्षांचा वाढदिवस गुरुवारी. यंदा दुष्काळ, म्हणून तो साजरा करायचा नाही असं त्यांनी ठरवलंय. आणि साजरा करणार नाही हे जिल्ह्याला कळावं म्हणून पाव पान जाहिरात. ‘कृपया हार-तुरे आणू नयेत.’ खाली छत्तीस शुभेच्छुकांचे फोटो. साजरा करायचे तेव्हा चोवीसच असायचे.

वरच्या ओळीत कोण यावर तीन दिवस भांडण. शेवटी मी पट्टी काढून दाखवली. एवढ्याशा फोटोत वरची ओळ काय नि खालची काय, जन्मदाती आईसुद्धा ओळखणार नाही. एकाने लग्नातला फोटो दिलाय, बाशिंगासकट. बाशिंग कापलं तर कपाळही गेलं. इलाज नाही.

बशीरभाई बूथच्या काचेतून बघत होते. (माझं जाहिरात-एजंटचं टेबल त्यांच्याच एसटीडी बूथमध्ये, दिंद्रुड स्टँडसमोर. भाड्यापोटी मी त्यांची बिलं लिहून देते.) म्हणाले, “भाभी, जाहिरात हाय का मतदार यादी?”

साडेतीनच्या गाडीला पाकीट दिलं. कंडक्टरने विचारलं, यात आपला फोटो बसेल का.

गुरु., २२ जाने.

जाहिरात छान आली. तारीख वाचून सगळ्यांना कळलं की आज वाढदिवस. दुपारपर्यंत अध्यक्षांच्या दारात हारांचा ढीग. ते म्हणे प्रत्येकाला रागावत होते आणि मान पुढे करत होते.

गावात टँकर चार तास उशिरा. टँकरवाला फोटो नंबर एकतीस.

रवि., २५ जाने.

बायकांच्या संस्थेची बैठक आमच्या ओट्यावर. अकराच्या अकरा आल्या. आत्या (सासूबाई म्हणायची सवय मला लागलीच नाही, आणि त्यांनाही नको आहे) अध्यक्ष, म्हणून त्यांना एकट्यांना खुर्ची. त्या खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटांत खाली येऊन शेंगा फोडायला लागल्या.

विषय एकच. येसर खपत नाही. बाजरी, हरभरा डाळ, धने, मिरच्या भाजून-दळून केलेले पुडे कोठीत छातीएवढे रचलेत. सहकारी संस्था काढताना म्हटलं होतं, पाणी न लागणारा धंदा करू. पाणी लागत नाही हे खरंच. पण गिऱ्हाईक लागतं. खाणारं अर्धं गाव दिवाळीपासून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलंय, आणि मागे राहिलेले पाणी विकत घेतात, येसर कुठून घेतील.

भाजणी करणारी शोभा बैठक उठेपर्यंत शेंगाच फोडत राहिली. नंतर चुलीशी मला एकटीला म्हणाली, “टोळीचा मुकादम परवा येऊन गेलता. पाडव्याला सांग म्हनला. येत्या साली जोडीनं कोयता धरायचा का न्हाई.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हनू? संस्था चालली तर न्हाई म्हनते. न्हाई चालली तर पोरगी शाळंतून काढून संगं न्यावी लागंल.”

भाजणीत तिच्यासारखा हात कुणाचा नाही. सहा हंगाम फडावर काढून आलेली बाई आहे. दोन वर्षांपूर्वी कोयता खाली ठेवला, तेव्हापासून तिचं तोंड हसरं झालं. मला एकदम रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

बैठकीत ठरलं. पेपरात जाहिरात द्यायची. बीडात ऑफिसं आहेत, होस्टेलं आहेत, पगारवाले आहेत. बीड आवृत्ती.

एजंट घरचीच, म्हणून कमिशन घ्यायचं नाही असंही ठरलं. मला न विचारता.

मंगळ., २७ जाने.

दर समजावून सांगितला. पेपरात जागा कॉलम-सेंटिमीटरवर मिळते. दोन कॉलम रुंद, पाच सेंमी उंच, म्हणजे दहा सेंमीचे पैसे. पहिल्या पानावर दुप्पट. रंगीत असेल तर विचारूच नका. आवृत्तीप्रमाणे दर वेगळा. बीडचा कमी, कोल्हापूरचा अडीच पट, कारण तिकडे खप मोठा.

आत्यांनी लगेच हिशेब आपल्या मापात आणला. “येक सेंटीमीटर म्हंजे पाच किलो शेंगदाने.”

त्यानंतर कुणी सेंमी म्हणेना. “त्ये वळ काढ, त्यात अडीच किलो वाचत्यात.”

आधी सगळ्यांना फोटो हवा होता. अध्यक्षांच्या छत्तीस डोक्यांनी गावाची चव बिघडवली आहे. मी म्हटलं, पाच सेंमीत अकरा फोटो घातले तर मोहरी सांडल्यासारखं दिसेल. मग निदान आत्यांचा? आत्या म्हणाल्या, “माझं थोबाड बघून कोन येसर घेतंय?” मिटलं.

मजकुरावर तीन तास. कुणाला ‘सुवर्णसंधी’ हवी, कुणाला ‘आरोग्यदायी’. कुणाला शेवटी ‘आपलेच नम्र’ हवं. शोभाने एकच वाक्य सांगितलं: ‘उकळत्या पाण्यात टाका, आमटी तयार.’

बाकीच्या म्हणाल्या, हे फार गरिबाचं वाटतं. बीडच्या साहेबिणी काय नुसत्या पाण्याची आमटी खातील? खोबरं लिहा, तेल लिहा.

शोभा हटली नाही. “फडावरनं सांजच्याला आल्यावर खोबरं कुटं घेऊन बसती बाई? पानी उकळलं की टाकायचं. मला कुनी त्या वक्ताला हे दिलं असतं तर मी पाया पडले असते.”

ठेवलं. शेवटचा मजकूर वहीत उतरवते, कारण मला तो आवडलाय:

‘दिंद्रुडचा येसर. आपल्या चुलीवरचा, आपल्या बायकांनी भाजलेला. उकळत्या पाण्यात टाका, आमटी तयार. दिंद्रुड, ता. माजलगाव.’ आणि बशीरभाईंचा फोन नंबर.

शुक्र., ६ फेब्रु.

जमलेले पैसे आत्यांनी रुमालात बांधून आणून टेबलावर ठेवले. पावती मागितली. घरात राहून पावती! दिली.

मागोमाग भानुदासकाका. त्यांचा पोरगा बैलगाडी घेऊन कारखान्यावर गेलाय. तिथून निरोप, पवळ्या हरवला. अड्ड्यावरून रात्रीत सुटला, चार दिवस शोधतायत. काकांना कोल्हापूर आवृत्तीत जाहिरात द्यायची.

मी दर सांगितला. ते म्हणाले, “सूनबाई, दर मला सांगू नगंस. बैल सांगतो, त्ये लिव्ह.” आणि सांगायला लागले. पांढरा, मानेवर खांद्याशी काळसर झाक. उजवं शिंग किंचित आत वळलेलं. डाव्या कानाला चीर. “भज्याचा वास आला की थांबतो. समदं लिव्ह.”

मी म्हटलं, काका, भजी नको, सेंमी वाढतो.

“वाढू दे. त्येच्यावरनंच गावंल त्यो.”

भजी राहिली. तीही जाहिरात दोन कॉलम बाय पाच.

शनि., ७ फेब्रु.

टाचण्या संपल्या. बशीरभाईंनी बुथामागच्या बाभळीचे चार काटे आणून दिले. तहसीलमध्ये आमचे सासरे कारकून होते तेव्हाही काटेच वापरायचे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन बुकिंगचे कागद, दोन मजकूर, दोन काटे. एकच पाकीट बीड ऑफिसच्या देशमान्यांना. कोल्हापूरचं ते पुढे पाठवतात.

पाकिटात घालताना एक काटा मोडला, सगळं खाली सांडलं, गाडी हॉर्न मारतेय. गोळा केलं, टोचलं, धावत जाऊन दिलं. कंडक्टर म्हणाला, “माझा फोटो टाकला का?”

बोटाला काटा लागलाय. पण काम झालं. मंगळवारी दोन्ही येतील.

मंगळ., १० फेब्रु.

काय लिहू.

सकाळी साडेसहाला गठ्ठा उतरला. पान चार उघडलं. दोन कॉलम, पाच सेंमी, सुंदर चौकट. बीड आवृत्तीत. ‘बैल हरवला आहे.’ आमच्या अख्ख्या जिल्ह्याला कळलं की पवळ्या भज्याच्या वासाला थांबतो.

मग येसर कुठे?

देशमान्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “कोल्हापूरला लागला ना. तुमच्याच बुकिंगला तसा मजकूर जोडलेला होता.”

“अहो, पण वाचलं नाहीत?”

“वाचलं की. म्हटलं बाईंनी विचार करून दिलं असेल.”

विचार करून! मी, पट्टी घेऊन जगणारी, दुसऱ्याच्या स्वल्पविरामावर ओरडणारी. काटा उलटा टोचला.

बुधवार

आत्यांना सांगायला काल धीर झाला नाही. आज भाकरी थापत होत्या तेव्हा सांगितलं, म्हणजे हात तरी कामात राहतील. थापणं थांबलं.

“कोल्लापुरात कोन वळखतंय आपल्याला?” एवढंच.

मी म्हटलं, चूक माझी, बीड आवृत्तीत माझ्या पैशाने परत देते, पुढच्या आठवड्यात. काकांचीही कोल्हापुरात परत देते. सगळं मी भरते. त्या म्हणाल्या, “तू कशानं भरतीस? कमिशन तर आमी घिऊ दिलं न्हाई.” आणि हसल्या. त्या हसल्यामुळे मी जास्त रडले.

शोभाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. “बरं,” म्हणाली आणि परात घासत राहिली. पाडव्याला जेमतेम दीड महिना.

हे (शाळेतून आल्यावर) म्हणाले, चुका होतात. मी म्हटलं, तुमच्या फळ्यावर होतात, पुसता येतात. उगाच त्यांच्यावर काढला राग. चहा करून दिला नंतर.

शुक्र., १३ फेब्रु.

काका दोन दिवस इकडे फिरकले नाहीत. आज बूथवर आले, टेबलासमोर टेकले. सगळं स्टँड त्यांना विचारतं, “काका, भजी घेऊ का, पवळ्या येईल.” ते मला म्हणाले, “सूनबाई, बैल कोल्लापुरात हरवला आन् हुडकायलीस बीडात.” मी मान खाली घालून बसले. खरं तर हसू आवरत नव्हतं, आणि हसू येतंय याचीच लाज वाटत होती.

शनि., १४ फेब्रु.

दुपारी दोन. बशीरभाई ओरडत बाहेर आले. “भाभी, फोन! कोल्हापूरकडचा! लवकर, तिकडं मीटर पळतंय!”

मी घेतला. एक बाई, श्वास लागलेला. “दिंद्रुडचा हाय का?”

“हो, दिंद्रुड.”

“खरंच दिंद्रुड? माजलगावचं?”

“हो हो.”

“म्या मुंडेवाडीची हाय, आता फडावर. साखरशाळंच्या बाईनं पेपर वाचून दावला. आपल्या भागातलं गाव! येसर मिळंल का हो? डाळीचं पानी पिऊन जीव विटला. आमच्या टोळीत समद्यांला पायजे. उकळत्या पान्यात टाकलं की व्हतं ना? खोटं न्हाई ना?”

मी म्हटलं, खोटं नाही. ती म्हणाली, “अगं बया,” आणि फोन कटला. पैसे संपले असणार.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी. आपलं अर्धं गाव, अर्धा जिल्हाच तिकडे पाचटाच्या खोपीत राहतोय. आणि आम्ही जाहिरात रिकाम्या गावात द्यायला निघालो होतो! गिऱ्हाईक जिथे गेलंय तिथे आपणही जावं, हे अकरा बायका, एक एजंट आणि एक मास्तर यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाभळीच्या काट्याच्या आलं.

धावत घरी. पदर कुठे, चप्पल कुठे. आत्यांना सांगितलं तर त्यांनी मला आधी पाणी दिलं. टँकरचं, मोजकं, पण पूर्ण तांब्या दिला.

रवि., १५ फेब्रु.

आज सात फोन. कारखान्याला सुट्टी म्हणून सगळे बूथवर लोटलेत तिकडे. बशीरभाईंनी वहीच घातली. एक माणूस म्हणे येसर मागायचं सोडून विचारत होता, गावात पाऊस आला का. फेब्रुवारीत! बशीरभाई म्हणाले, “मियाँ, इथं ढग बी ऊसतोडीला गेलेत.”

आणखी एकाने नुसतं नाव वाचून फोन केला. काही नको होतं. दिंद्रुडचा माणूस बोलतोय का एवढं ऐकायचं होतं. बशीरभाई त्याच्याशी तीन मिनिटं स्टँडवरच्या गाड्यांबद्दल बोलले.

सोमवार

पोस्टकार्डं येऊ लागली. साखरशाळेच्या (तोडणीवाल्यांच्या पोरांची, कारखान्यावरची शाळा) बाईंचं अक्षर सगळ्यांवर, एकसारखं वळणदार, सांगणारे वेगळे. ‘अर्धा किलो. आमच्या ह्यांना तिखट सोसत नाही, पण तिखटच पाठवा.’ आत्यांनी हे कार्ड तीनदा वाचून घेतलं.

शोभा पहाटेपासून भाजतेय. आज तिने गाणं म्हटलं, जात्यावरचं. मध्येच थांबून मला म्हणाली, “वैनी, ते वाक्य माझं होतं बरं का. पान्याचं.” मला माहीत आहे की गं. जिल्ह्याला माहीत करून देते.

गुरु., १९ फेब्रु.

पवळ्या!

नांदूरघाटचा एक माणूस सकाळी एसटीने आला, आमचा पेपर घडी घालून खिशात. बूथवर येऊन आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाला, “ती बैलाची जाहिरात… कोन देलती?”

मी म्हटलं, का?

घाम पुसला. “त्यो माझ्या दावनीला हाय.”

गोष्ट अशी. ऊस कमी म्हणून त्यांच्या टोळीचा पट्टा लवकर पडला, म्हणजे तोड संपली, आणि टोळी लवकर घरी निघाली. पहाटेच्या अंधारात ट्रकमध्ये बैल चढवले. नांदूरघाटला उतरवताना मोजले. नेले सहा, आले सात. शपथेवर सांगत होता की चोरला नाही, आपण होऊन चढला. “ट्रकमधी आमची भज्याची पुडी व्हती,” म्हणाला.

पंधरा दिवस तो माणूस चिंतेत. कुणाला विचारावं तर चोर ठरतो. मग काल घरात किराण्याची पुडी आली, आमच्याच पेपराची. वाचलं: उजवं शिंग आत, डाव्या कानाला चीर, भजी.

कोल्हापूर आवृत्तीत दिली असती तर? पवळ्या नांदूरघाटला, जाहिरात तिकडे. जन्मात गाठ पडली नसती.

काकांना बोलावलं. ते ऐकून खाली बसले, टोपी काढून हातात घेतली. नंतर एकदम उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू समजून-उमजूनच केलंस गं. तू मोठी हुशार हायस.” मी खरं सांगायला तोंड उघडलं, बशीरभाईंनी डोळा घातला. मिटलं तोंड.

नांदूरघाटच्या माणसाला स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने भजी फुकट दिली.

शनि., २१ फेब्रु.

काका पवळ्याला घेऊन आले. चालत आणलाय, दोन मुक्काम. स्टँडसमोर आला, हॉटेलपाशी थांबला, हलेना. टाळ्या पडल्या. शुभेच्छुक पुष्कळ, फोटो एकाचाही नाही.

मंगळ., ३ मार्च

माल पाठवायचा कसा हा घोळ पंधरा दिवस. पोस्टाने परवडत नाही, एसटीने पोहोचवणारं कुणी नाही. तिकडून रोज विचारणा. आज मुकादम आला. तोच, शोभाच्या उत्तराची वाट बघणारा. त्याने ओट्यावर बसून पाणी मागितलं, मिशी पुसली.

“येसर कोन करतंय हितं?”

आत्या म्हणाल्या, “आमी समद्या. कावून?”

“माझी टोळी डोकं खायलीय. जीप नेतो दर आठवड्याला. पोत्यात भरून द्या, वाटतो. पैशे पगाराला गोळा करून आनून देतो.” मग जरा थांबून, “माझ्या मंडळीनं बी दोन किलो सांगितलाय.”

पोतं शोभाने भरलं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. तिने पोत्याचं तोंड शिवलं, दाभण दाताने तोडायला गेली, सुतळी म्हणायचंय मला. हसत लिहितेय म्हणून असं होतं.

जीप गेल्यावर कोठीत जाऊन बघितलं. छातीएवढी रास गुडघ्यावर आली.

सोम., ९ मार्च

देशमाने आले, बीडहून, बिल घेऊन. कोल्हापूरचा दर. मी तयारीतच होते. फरक माझ्या पाकिटातून काढून ठेवला टेबलावर. तेवढ्यात आत्या आल्या, रुमाल सोडला. “संस्थेची जाहिरात, संस्था भरंल.” मी म्हटलं चूक माझी. त्या म्हणाल्या, “चुकीचे पैशे तुझे, अक्कल आमाला आली ती फुकट घिऊ का?” अकरा जणींनी आधीच ठरवलेलं दिसलं.

देशमाने येसर-आमटी आणि भाकरी जेवून गेले. जाताना म्हणाले, “बाई, तुमची आवृत्तीची निवड मी मीटिंगमध्ये सांगितली. साहेब म्हणाले, असे एजंट पाहिजेत.” बशीरभाई तोंडात उपरणं कोंबून बाहेर पळाले.

शुक्र., २० मार्च

कोठी रिकामी. नवीन बाजरी आणली. भाजणीला दोन चुली वाढवल्या.

पण एक गोष्ट मला सतावतेय आणि ती शोभानेच काढली. महिनाभरात टोळ्या परत येणार. मग फडावर कुणीच नाही. मग? गावात परत तेच, पाणी विकत, येसर कोण घेणार. पुन्हा खप दसऱ्यानंतर. मधले सहा महिने काय?

आत्या म्हणाल्या, कारखान्यासमोरच्या खानावळवाल्याचं कार्ड आलंय, त्याला बारमाही हवा. एक खानावळ. अकरा बायका.

शोभा म्हणाली, “पाडवा आठ दिवसांवर आला.” मी कार्डं परत मोजली. एकच खानावळ. दुसरं कार्ड सापडलं नाही, सापडलं असतं तर किती बरं झालं असतं.

बुध., २५ मार्च

आज कोल्हापूर आवृत्तीचं कोरं बुकिंग भरलं. या वेळी मुद्दाम. दोन कॉलम, दहा सेंमी. आकडा मोठा आहे. आत्यांनी शेंगदाण्यात मोजला, रुमालाची गाठ घट्ट केली, मग म्हणाल्या, “लिव्ह.” तारखेची जागा मोकळी ठेवली, ‘दसऱ्यानंतर’ एवढंच पेन्सिलीने. पैसे नाहीत अजून, मजकूर तयार. या वेळी वर शोभाचं वाक्य मोठ्या अक्षरात. टाचण्यांची डबी विकत आणली. टोचताना जीव होईना. काटाच लावला.

शनि., २८ मार्च. पाडवा

गुढी, कडुनिंब, पुरणाऐवजी यंदा गुळाच्या पोळ्या. शोभाच्या पोरीने सातवीतला निबंध वाचून दाखवला, ‘माझ्या आईची संस्था’. त्यात मी ‘जाहिरातवाल्या काकू’ आहे. आत्यांनी तिला पूर्ण पोळी दिली, तूप लावून.

चारच्या सुमाराला मुकादम. नवा पटका, पगाराचे पैसे घेऊन आलेला. आधी येसराचे पैसे आत्यांना मोजून दिले, एकही बाकी नाही. मग शोभाकडे वळला. मी हातातली पोळी तशीच धरून.

“मग, शोभाबाई? आज सांगनार व्हतीस.”

शोभा कढईत बाजरी हलवत होती. वर न बघता म्हणाली, “तुमच्या टोळीत कोयते किती?”

मुकादमाचा चेहरा उजळला. “बारा. तुमचा धरला तर तेरा.”

“बारा कोयते म्हंजे चोवीस मानसं. संगं लेकरं धरा धा-बारा.” उलथणं थांबलं नाही. “आन् तुमच्या वळखीचे मुकादम किती हायत, तिकडं?”

तो बोटं मोजायला लागला. पहिल्या हाताची संपली, दुसऱ्या हाताची सुरू झाली, आणि मध्येच त्याच्या ध्यानात आलं की ती काय मोजतेय. आत्यांनी तोंडाला पदर लावला. तो हसला, अगदी मनापासून हसला, मग म्हणाला, “ते ठीक हाय. पन उत्तर?”

“थांबा की जरा,” शोभा म्हणाली. “ह्यो घाना खाली उतरू द्या. करपंल.”

तो ओट्यावर बसला. मी त्याच्या हातात पोळी दिली. बाजरीचा खमंग वास सगळ्या आळीत पसरला होता आणि समोरच्या रस्त्याने काकांचा पवळ्या चालला होता, तोही थांबला. लिहायला मी आत आलेय, शोभा, मुकादम आणि पवळ्या अजून बाहेरच आहेत.